दीड व्होल्टचा वीजपुरवठा

एका मुलीची गुणपत्रिका चुकली होती. बासष्ट, एकाहत्तर आणि सदुसष्ट यांची बेरीज छापणाऱ्याने एकशे नव्वद केली होती. पुढच्या प्रवेशासाठी दोनशे गुण हवे होते आणि दुरुस्तीची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. दुरुस्ती खिडकीवरच्या कारकुनाने करायची, मात्र बेरीज मंजूर यंत्रावरच व्हावी, असा आमच्या कार्यालयाचा दंडक आहे. मंजूर यंत्र म्हणजे कारकुनाचा खिशात मावणारा कॅलक्युलेटर. वयाने हे यंत्र मुलीपेक्षा मोठं होतं आणि त्या दुपारी त्याने डोळे मिटले होते.

"काका, दोनशे होतात," मुलगी म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? मी मंजूर नाही," कारकून म्हणाला.

त्याने मागचं झाकण उघडलं. सेल नवा होता, पण त्याला टेकणाऱ्या पट्टीवर हिरवट गंज चढला होता. मुलीने कंपासपेटीतला खोडरबर पुढे केला. "याने घासा ना. घरच्या रिमोटचं मी असंच करते."

कारकुनाने चटकन हात मागे घेतला. भिंतीवर पाटी होती: वीजपुरवठ्यास कर्मचाऱ्यांनी हात लावू नये. पूर्वी चहाच्या किटलीने एका साहेबांना झटका दिला, तेव्हापासून ती लागली होती. सेल वीज पुरवतो, म्हणजे तो वीजपुरवठाच झाला. वायरमनला बोलावणं गेलं.

वायरमन शिडी घेऊन आला. शिडीचं काम नव्हतं, पण शिडीशिवाय त्याला कुणी ओळखत नसे.

"दाब किती?"

"दीड व्होल्ट."

त्याचा चेहराच उतरला. "इतका कमी कधी हाताळला नाही बुवा. काय होईल सांगता येत नाही. मेन स्विच पाडावा लागेल."

दिवे गेले, पंखे थांबले, भिंतीवरचं विजेचं घड्याळही पाचला दहा कमी असताना थांबलं. वायरमनने कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले. त्यांत बोटं इतकी जाड झाली की सेल काही निघेना, आणि मोजे उतरवणं नियमात बसेना. बऱ्याच खटपटीनंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, की मुलगी कर्मचारी नाही, त्यामुळे पाटी तिला लागूच नाही. तिने पट्टी घासली आणि सेल बसवला. काम वायरमनच्या नावावर जमा झालं.

आकडे उमटले. कारकुनाने बेरीज केली, खात्रीसाठी पुन्हा केली. दोनशे! त्याला गहिवरून आलं. "बाळ, तुझंच बरोबर होतं गं."

"मग करा ना दुरुस्ती! पाचला दहा कमी आहेत."

"ते घड्याळ बंद आहे. बंद यंत्रावर कसा भरवसा ठेवायचा? माझ्या मनगटावर सव्वापाच झालेत."

"तुमचं मनगटावरचं मंजूर आहे का?"

कारकून विचारात पडला. मुलगी हुशार होती, यात शंकाच नव्हती. "नाही," तो हळहळत म्हणाला. "म्हणजे आत्ता किती वाजले, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि वेळ टाकल्याशिवाय दुरुस्ती होत नाही." त्याने खिडकी लावून घेतली. मुलीचं वर्ष गेलं.

वाचताना तुम्हाला चीड आली असेल, यायलाच हवी. पण बेरीज तर तुम्ही केव्हाच केली होती. तरी यंत्र सुरू होतंय का, हे बघत इथवर थांबलातच की! आमच्याकडे कारकुनाची एक जागा रिकामी आहे. कधीही या, मुलाखत झाल्यातच जमा आहे.