सत्तेचाळीस रकाने आणि तेवीस कासवं

३ मार्च. आकाश स्वच्छ, वारा मंद, दुपारनंतर उकाडा.

त्या दिवशी सकाळी चहा घेताना मी बायकोला म्हणालो, "तुझ्या कासवांचं ऑनलाइन दुकान मी काढून देतो." वाक्य इतकंच होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

ही कासवं कापडी. आत वाळू भरलेली. दारं वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना टेकवून ठेवायची. बायकोने हौसेने बावीस शिवली होती आणि ती सगळी मागच्या खोलीत, शिलाई मशीनभोवती बसून होती. पण एक जूनला माझी आई कायमची राहायला येणार होती आणि तिला तीच खोली द्यायची होती.

"मग मशीन कुठे जाणार?" बायको म्हणाली.

"माळ्यावर," मी म्हणालो.

"म्हणजे माझं शिवणं संपलंच म्हणा की! त्यापेक्षा असं करू. एकतीस मेपर्यंत सगळी कासवं विकली गेली, तर मशीन हॉलमध्ये खिडकीपाशी येईल. तुमच्या टेबलाच्या जागी. नाही गेली, तर मी स्वतः ते माळ्यावर चढवीन आणि पुन्हा कात्रीला हात लावणार नाही."

"मान्य," मी म्हणालो. (टेबल माझं, दुकानही मीच काढणार. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.)

दुकानासाठी प्लॅटफॉर्म, म्हणजे माल विकायची वेबसाइट, निवडायचा होता. मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो म्हणाला, "भाऊजी, कुठलाही घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासात निवडलेली वस्तू आमच्या घरात एकही नाही. मी मोठी वही घेतली आणि सत्तेचाळीस रकाने आखले. वजनदार वस्तू पाठवायची सोय, परतीचे नियम, फोटोंची संख्या, मदतीला माणूस बोलतो की यंत्र. तीन प्लॅटफॉर्म तपासायला घेतले आणि त्यांना मी अ, ब, क म्हणू लागलो. 'अ'ची चौदा दिवसांची फुकट चाचणी मी त्याच्या अटी वाचत असतानाच संपली. 'ब'च्या माणसाला मी एकवीस प्रश्न विचारले. बाविसाव्याला तो म्हणाला, "सर, आपल्याला काही विकायचंय का?"

मधल्या काळात मालाची नीट माहिती असावी म्हणून मी स्वतः एक कासव शिवलं. सगळ्या कासवांना क्रमांक घालताना त्याला मधलाच, चौदा, दिला.

"हे तुमचं मी मोजणारच नाही," बायको म्हणाली. "माझी बावीस."

"तेवीस," मी म्हणालो आणि तसं लिहिलं.

५ मेला मी 'क' निवडला. कारण एकच. अ आणि ब वस्तूचं वर्णन तीनशे अक्षरांत उरकायला सांगत होते. 'क'ला मर्यादाच नव्हती. मी फूटपट्टी घेऊन बसलो आणि चार दिवसांत तेवीस वर्णनं लिहून दुकानावर चढवली.

बायकोने ती फोनवर वाचायला घेतली. "'क्रमांक नऊ. डावा डोळा उजव्यापेक्षा चार मिलिमीटर खाली. शेपटी शिवताना दोरा संपल्यामुळे पुढचा रंग वेगळा. चेहऱ्यावर थोडी नाराजी.' अहो, हे दुकान आहे की पंचनामा?"

"गिऱ्हाइकाला खरं सांगितलेलं आवडतं."

"आणि चौदाची शेपटी?"

"मी तीनदा तपासली."

"'क्रमांक चौदा. कोणताही दोष नाही.'" तिने फोन पालथा ठेवला. "माळ्याची शिडी पुसून ठेवा."

आठ दिवस काहीच झालं नाही. बायको रोज मशीनवर फडकं फिरवायची आणि माळ्याकडे बघायची. त्या बघण्याचीच मला धास्ती वाटायची.

१८ मेला पहिली ऑर्डर आली. कुणा निवृत्त शिक्षिकेची. सोबत निरोप होता: 'डोळा खाली असलेलंच पाठवा. माझाही तसाच आहे.' तिने ते वर्णन आपल्या सगळ्या मैत्रिणींना पाठवलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत सहा ऑर्डरी आल्या. एकाने 'एक पाय आखूड असल्यामुळे किंचित वाकून नमस्कार करते' असं कासव आपल्या साहेबांसाठी मागवलं. एका दंतवैद्याला फक्त नाराज चेहऱ्याची हवी होती, तीही दोन. बायको खोकी बांधताना प्रत्येक कासवाचं वर्णन मोठ्याने वाचायची आणि हसून हसून तिच्या हातातली दोरी सुटायची.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "सत्तेचाळीस रकाने उगाच नव्हते."

"चौदा कोण घेणार तेवढं सांगा."

२६ मेला चौदाही गेलं. मी ती ऑर्डर तिला दोनदा दाखवली.

३१ मे. दिवसभर ढगाळ, संध्याकाळी वारा. मागची खोली रिकामी. मशीन हॉलमध्ये खिडकीपाशी, टेबल माळ्यावर. कासवं तेवीस, विकली गेली तेवीस. आज परत आलं एक, क्रमांक चौदा. परतीच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: 'वर्णनाशी जुळत नाही.'