उताऱ्याबाहेर पाय टाकू नये

हे लिहायचंच नव्हतं. गौरांग माझा रूम पार्टनर, आणि त्याला मी एक शब्द देऊन बसलोय. तो मोडत नाही हे दोनदा तपासलं, मग टाइप केलं.

स्पर्धा परीक्षेत माणूस अज्ञानानं पडत नाही, समजूतदारपणानं पडतो. गौरांग तीनदा पडला, तिन्ही वेळा उताऱ्यावरच्या निष्कर्षाच्या प्रश्नांत. उतारा होता, 'आनंदराव छत्री घेऊन निघाले.' निष्कर्ष काय? गौरांगनं खूण केली, आभाळ आलं असावं. उत्तरतालिका म्हणाली, आनंदरावांकडे छत्री आहे. (चुकीला पाव गुण कापतात. आभाळ खरंच आलं असलं तरी.)

मग त्यानं वाडीतल्या आमच्या खोलीच्या भिंतीवर नियम चिकटवला: उताऱ्याबाहेर पाय टाकू नये. आणि सराव सुरू केला, चोवीस तास. मेसच्या सिंधूताई म्हणाल्या, "भाजी सरली गा." हा ताट घेऊन वीस मिनिटं बसून. मेस बंद झाली असं त्या म्हणाल्या नव्हत्या. प्रगती समाधानकारक होती.

अभ्यासिकेत उमरेडची चिन्मयी रोज पाण्याची बाटली ठेवून त्याची जागा धरायची. (बाटलीवरून काहीही सिद्ध होत नाही.) एका शुक्रवारी ती म्हणाली, "रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राहिले. मी बाबाले अजून हो म्हटलं नाही."

"बरं."

"काहून नाही म्हटलं, विचार ना गा!"

"ते तू सांगितलं नाही."

"मंग तुले काय वाटते?"

गौरांगनं विचार केला. परीक्षा पंधरा दिवसांवर होती, आता सवय मोडणं धोक्याचं. "दिलेली माहिती अपुरी आहे," तो म्हणाला.

चिन्मयीनं बाटली उचलली आणि उमरेडची बस धरली.

त्या परीक्षेत निष्कर्षाचे दहाही प्रश्न बरोबर. गौरांग पास. निकाल लागला त्याच आठवड्यात चिन्मयीच्या लग्नाची पत्रिका आली. त्यानं ती दोनदा वाचली, मुलाच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि मला विचारलं, "याच्यातून काय निष्कर्ष निघते बे?"

"जेवण आहे," मी म्हणालो.

मग तो टाकीत पाणी आहे का पाहायला गच्चीवर गेला. अर्ध्या तासानं खाली आला. टाकी कोरडी होती. तोंड ओलं होतं.

तेव्हाच मी त्याला शब्द दिला: गौरांग रडला असं मी कुठंही लिहिणार नाही. लिहिलंय का? वर पाहून घ्या. तुम्हीच तसं धरलं असेल, तर पाव गुण तुमचा कापला.