खंडेनवमीचं विमान

राग म्हणाल, तर तो अजून उतरलेला नाही. खंडेनवमीला घरातली यंत्रं पुजतात, तर नायट्रो इंधनावर उडणारं माझं रिमोटचं विमानही पुजावं, असं मीच ठरवलं. (काशीच्या ब्रह्माघाटावरच्या वैदिक घराण्यातला बँकेचा क्लार्क दुसरं काय ठरवणार?) गच्चीत विमान मांडलं, कुंकू लावलं, मंत्र म्हणत मूठभर अक्षता वाहिल्या.

शरदिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आधीच बजावलं होतं, "आज सुरू झालं नाही, तर हे धूड भंगारात!" भंगारवाल्याकडे पोचवायला तिचा भाऊ बिंदुमाधव खुर्ची टाकून बसलाच होता.

त्याला शेपूट धरायला लावलं. टाकी भरली, प्लगला बॅटरी जोडली, पंख्याला बोटानं झटका दिला. फुस्स! पुन्हा दिला, तर पंख्यानं उलटा फिरून माझंच बोट फोडलं.

"जिजाजी, रहने दीजिए. तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

"तू शेपूट धर!"

"आणि हा एरंडेलाचा वास कसला? कोणाचं पोट बिघडलंय का?"

"इंधनात घालतात ते, गाढवा!"

बोट ठणकत होतं, मस्तक भडकलं होतं. मी शरदिनीवर गरजलो, "इंजिनाला हात कोणी लावला? प्रत्येक गोष्टीत तुझी लुडबुड!"

ती आली, वाकली आणि केसातला आकडा काढून कार्बोरेटरच्या तोंडात घातला. बाहेर आले कुंकवानं लाल झालेले तांदूळ.

"ह्या अक्षता कोणी वाहिल्या?"

(चूक आपली निघाली की राग दुप्पट होतो.) मी दात-ओठ खात पंख्याला झटका दिला आणि इंजिन असं किंचाळलं की कठड्यावर वाळत घातलेल्या पापडांसाठी टपलेली माकडं शिंदे घाटाच्या दिशेनं पसार झाली.

"उडवतो आता!" मी रिमोट उचलला.

"खबरदार!" शरदिनीनं कपड्यांची दोरी घेऊन विमानाची शेपूट पाण्याच्या टाकीला करकचून बांधली. "भंगार कॅन्सल. उद्यापासून सांडगे घालते. माकडं हाकलायला रोज हे सुरू करायचं."

तेव्हापासून माझं विमान दोरीला बांधून नुसतं बोंबलतं आहे आणि त्याच्यापुढे मी.

परवा शेजारच्या लीलाकाकूंनी गच्चीवरून विचारलं, "शरदिनी, आमच्याकडे पण पाठव ना गं ते विमान!"

"विमान कशाला, काकू? तेल फुकट जातं," शरदिनी म्हणाली. "ह्यांनाच पाठवते. ह्यांच्या ओरडण्यानंसुद्धा पळतात माकडं."