चालू इंजिनाचा मुराळी

गणूअण्णांच्या मोटारसायकलीच्या टाकीचं भोक मी मेणानं बुजवलं होतं. हे मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

अण्णा आमचे शेजारी. उद्यमनगरात लेथवर काम करायचे. लग्न केलं नाही, मागंपुढं कुणी नाही. होती ती एक विलायती मोटारसायकल, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावात घेतलेली, साइडकार जोडलेली. तिला ते ‘बाईसाहेब’ म्हणत आणि थंडीत स्वतःचं घोंगडं तिच्यावर घालून आपण कुडकुडत बसत.

श्रावण लागला की अण्णा अख्ख्या गल्लीचे मुराळी होत. पंचमीला सासरी दिलेल्या पोरीला माहेरी आणायला खरं तर भावानं जायचं. पण एस.टी.नं गेलेल्या भावाला सासरचे जेवू घालत आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून रिकामा परत लावून देत. अण्णा मिरज, जत, थेट बार्शीपर्यंत जात आणि दारात इंजिन बंदच करत नसत. त्या फटफटाटात सासूचं बोलणं सासऱ्यालाही ऐकू येत नसे.

“बंद केली तर परत सुरू व्हायची न्हाय, पावणं. पोरीला बसवा की लवकर.”

कुणी काही ठरवायच्या आत पोर ट्रंकेसकट साइडकारमध्ये. गाडी खरं तर एका लाथेत सुरू व्हायची. पण पोरीसाठी एवढं खोटं अंबाबाईला चालतं, असं अण्णांचं मत होतं. एका विहीणबाईंनी जेवायचा फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी पाट मागवून सीटवर ठेवला आणि त्यावर बसून चहा घेतला. पाटाचा मान ठेवला, इंजिनही चालू ठेवलं.

माझी सुमनआक्का बार्शीला दिलेली. वकिलाचं घर, दारात मोटार. मी नुकताच कचेरीत लागलो होतो. त्या दारात ऑइलनं काळे हात घेऊन अण्णा फटफटणार, याची मला लाज वाटायची. आई म्हणायची, अण्णाच जातील. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं की काही मैलांवर पेट्रोल उतरायचं थांबतं, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. “टाकीलाबी श्वास लागतोय,” म्हणाले होते.

पंचमीला दोन दिवस होते. आदल्या रात्री मी ते भोक मेणानं बुजवलं होतं. अण्णा पहाटे निघाले आणि दुपारी परत आले. “दमली बाईसाहेब,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची पँट घालून एस.टी.नं बार्शीला गेलो. आक्काच्या सासरच्यांनी मला पुरणाची दिंडं खाऊ घातली आणि एकट्यालाच परत पाठवलं.

त्यानंतर अण्णा कुणाकडेच मुराळी म्हणून गेले नाहीत. गाडीवर ताडपत्री पडली. मी दर वर्षी बार्शीला जाऊन जेवून येत राहिलो. पुढं आई गेली. दिवसकार्याला आक्का आली तेव्हा म्हणाली, अण्णा पोचले नाहीत त्या साली ती ट्रंक भरून दिवसभर ओसरीत बसली होती. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की उठायची. आईजवळची पंचमी तिला पुन्हा मिळाली नाही.

त्याच संध्याकाळी मी अण्णांकडं गेलो आणि मेणाचं सांगितलं. ते बिडी ओढत ऐकत होते.

“ठावं हाय मला. हातकणंगल्यालाच काढलं की टाचणीनं. तिथनं बार्शी गाठली असती.”

“मग परत का आलात?”

“त्या भोकाचं मी तुलाच शिकवलं हुतं. मेण तुझ्या घरातनं आलं. म्हंजे मी नको हुतो. नको असलेला मुराळी जातोय व्हय कुठं? वाटलं, बाकीच्यांनाबी तसंच वाटत असंल. तोंडावर कोण सांगतंय?”

त्यांनी ताडपत्री उचलली. गाडी लखलखीत होती. साइडकारच्या गादीला नवं रेक्झिन होतं. दर पंचमीच्या आधी, मी बार्शीला गेलो की, ते टाकी भरून हातकणंगल्यापर्यंत एकटेच जाऊन येत होते, म्हणाले. न जाणो, कुणी हाक मारली तर.

 मी वाकून त्यांचे पाय धरले.

“अण्णा, मला तुमची लाज वाटली होती. ते वाटणंच माझं पाप. चुकलो मी. आई नाही आता, पण येत्या पंचमीला आक्काला घरी आणायचंय. तुम्ही जा.”