मशीनमधलं मशीन आणि सासऱ्यांचं भाषण

आधीच सांगून ठेवतो, कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या ऑफिसात माझा हात धरणारा कुणी नाही. हे लोक म्हणतात असं नाही. मीच म्हणतो, पण ठणकावून म्हणतो! त्यामुळे साहेबांनी विचारलं, "सोमवारी नवा प्रोग्रॅम चालवून दाखवायचाय, तयारी कोण करेल?" तेव्हा बाकीचे सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले आणि मी हात वर केला.

"घरी बसून उरकतो साहेब! माझ्या हातचा मळ!"

आता ही तयारी म्हणजे काय, ते सांगतो. असा प्रोग्रॅम चालवायचा तर त्याच्याआधी इतर ढीगभर गोष्टी बसवाव्या लागतात, आणि त्या बसवता बसवता कॉम्प्युटरचं वाटोळं होऊ शकतं. म्हणून माझ्यासारखी हुशार माणसं व्हर्च्युअल मशीन वापरतात. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर. सगळी खुडबुड त्या खोट्यात करायची. बिघडला तर खोटा बिघडतो, खरा मजेत! शिवाय त्याचा स्नॅपशॉट घेता येतो. मशीन आत्ता जसं आहे तसं जपून ठेवायचं. पुढे काही घोटाळा झाला की एक बटण दाबलं, की पुन्हा जिथल्या तिथे. मधलं सगळं पुसून साफ. आयुष्याला ही सोय असती तर मी साहेबांसमोर हात वर करण्याच्या आधीच्या क्षणाला परत गेलो असतो.

गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पहिली वस्तू बसवायला घेतली, ती म्हणाली, आधी दुसरी बसव. दुसरी म्हणाली, तिसरी असल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. तिसरी बसवली तर पहिली म्हणते, ही कसली जुनी तिसरी, मला नवी हवी! नवी आणली तर दुसरी रुसली. लग्नात मानपानावरून व्याही अडून बसावेत तशी सगळी अडून बसली.

मी कण्हलो. आतून बायकोचा आवाज आला, "दाढ नाही ना रे?"

बायको दातांची डॉक्टर आहे. कण्हण्याचे सगळे प्रकार तिला पाठ.

"दाढ नाही, व्हर्जन!"

"मग मर," ती म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली.

पण संध्याकाळी, काय सांगू, प्रोग्रॅम चालला! मी खुर्चीतून उडालोच. लगेच स्नॅपशॉट घेतला. हात झटकले. मान ताठ. सोमवार खुशाल येऊ दे!

नेमका त्याच वेळी मागून खाकरण्याचा आवाज आला. "जावईबापू, झालं का तुमचं?"

हे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घराला रंग द्यायचं काम चाललं होतं म्हणून ते आमच्याकडे राहायला आले होते. माणूस देवासारखा, पण पसारा दिसला की देवाचं भान सुटतं. आल्या दिवशीच त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चपला उंचीनुसार लावल्या. नंतर स्वयंपाकघरातले डबे. मग टॉवेल.

"रविवारी सकाळी आम्हा जुन्या मुख्याध्यापकांचा मेळावा आहे," ते म्हणाले. "मुख्य वक्ता मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बोलावलंय! भाषण टाइप करायचंय. तुमचं यंत्र मिळेल?"

'पहिल्यांदा' म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला. नाही कसं म्हणणार? पण लॅपटॉप ऑफिसचा. आणि तेव्हा माझ्या डोक्यात ती सुपीक कल्पना आली.

"बाबा, या आतल्या मशीनमध्ये लिहा! इथे तुम्ही काहीही करा, कितीही मोडतोड करा, खऱ्या कॉम्प्युटरला ओरखडासुद्धा येणार नाही!"

"मोडतोड मी कधी करत नाही," सासरे म्हणाले आणि बाह्या सरसावून बसले.

शुक्रवार आणि शनिवार घरात एकच आवाज होता. टक... टक... टक. सासरे एका बोटाने टाइप करतात. दर दोन परिच्छेदांनंतर मोठ्याने वाचून दाखवतात. चहाला भाषण, जेवणाला भाषण. भाषण वाढत वाढत सत्तावीस पानांवर गेलं. त्यात शिक्षणाचा इतिहास होता, भूगोल होता, खडूचे प्रकार होते, आणि एका वांड मुलाची गोष्ट होती जी संपायचं नावच घेत नव्हती.

"कसं वाटलं?" ते विचारायचे.

"अप्रतिम!" आम्ही दोघं म्हणायचो. मी तर जागा होऊन म्हणायचो.

रविवारी सकाळी सहज प्रोग्रॅम चालवून बघितला. चालेना! फाइल सापडत नाही म्हणे. कुठली फाइल? कुठलीच! इथे बघितलं, तिथे बघितलं, एकाच्या जागी दुसरं बसवलं, दुसऱ्याच्या जागी तिसरं, आणि जे थोडंफार धुगधुगत होतं तेही गार झालं. डोळ्यांसमोर साहेब दिसायला लागले. त्यांच्या मागे आपापल्या बुटांकडे बघत हसणारं अख्खं ऑफिस दिसलं.

आणि एकदम आठवलं. अरे, स्नॅपशॉट आहे ना! मी हसलो. बटण दाबलं. क्षणात मशीन गुरुवार संध्याकाळवर! प्रोग्रॅम सुरू! मी टेबलाभोवती चक्क एक गिरकी घेतली.

"वा! मजेत दिसताय," सासरे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभे. "आता तेवढी भाषणाची पानं छापून द्या."

गिरकी अर्ध्यावर थांबली.

भाषण शुक्रवारी सुरू झालं होतं. मशीन गुरुवारात होतं.

मी कण्हलो. बायको धावतच बाहेर आली. हे कण्हणं तिने दवाखान्यातसुद्धा ऐकलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "भाषण... गेलं."

"कुठे?"

"म्हणजे... ते अजून लिहिलंच गेलेलं नाही."

सासरे खुर्चीत बसले. इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच सरळ करत राहिले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पण तुझा प्रोग्रॅम मुळात बंद का पडला?" बायकोने विचारलं.

"काय माहीत! फाइली जागेवर नव्हत्या. कुणी उचलून..."

"तो पसारा का?" सासरे म्हणाले. "तो मी आवरला. किती ते फोल्डर! एकात एक, त्यात आणखी एक! नावं तरी धड? सगळ्यांतलं सगळं काढून मी एकाच फोल्डरमध्ये नीट ठेवलं होतं. वर नाव दिलं, 'किरकोळ'."

दिवसभराची माझी मेहनत. किरकोळ!

मी तोंड उघडलं, पण बायकोने माझ्या पायावर पाय दिला. "चूक कुणाची ते नंतर. आपण भाषण आठवून लिहू! इतक्या वेळा ऐकलंय. मला सुरुवात येते. तू मधलं सांग!"

मी डोळे मिटले, डोकं गच्च धरलं. सत्तावीस पानांतलं मला एवढंच आठवलं, "असो."

"पुढे?"

"पुढे मी झोपलो."

बायकोने कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मागच्या बाकावर किती पिढ्या चळाचळा कापल्या असतील याचा मला अंदाज आला. मग ते उठले. "चला. वेळेवर पोहोचायला हवं. जे सुचेल ते बोलेन."

सभागृह पांढऱ्या केसांनी भरलेलं. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत, जीव मुठीत धरून. सासरे माईकपाशी गेले. सवयीने खिशाकडे हात गेला. खिसा रिकामा. त्यांनी घसा साफ केला. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मित्रांनो," ते म्हणाले, "तुम्ही सगळे भेटलात, फार आनंद झाला. आयुष्यभर आपण इतरांच्या पोरांना गप्प बसवलं. आज आपण आपल्यात बोलू या. आधी चहा घेऊ."

आणि खाली बसले!

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका! लोक उभे राहिले! एका आजोबांनी तर काठी वर करून हलवली. चहाच्या टेबलापाशी सासऱ्यांभोवती ही गर्दी. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी चहा गरम असल्याचं दाखवलं.

तेवढ्यात मेळाव्याच्या अध्यक्षांनी मला कोपरखळी मारून बाजूला घेतलं.

"भाषण तुमच्या यंत्रातून गेलं म्हणे?"

"हो, म्हणजे, माफ करा, मी..."

"माफी कसली! पुढच्या महिन्यात आमचे सचिव बोलणार आहेत." त्यांनी इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "त्यांच्या घरी बसवता येईल का हो?"

परतताना सासरे गाडीत पुढच्या सीटवर ताठ बसले होते.

"पाहिलंत जावईबापू? माणसात दम असला की कागद लागत नाही! आता माझा आत्मविश्वास वाढलाय. उद्यापासून आत्मचरित्र लिहायला घेतो. रोज जेवताना तुम्हाला वाचून दाखवीन. आणि लिहीन ते तुमच्या त्या आतल्या मशीनमध्येच! मला लाभलंय ते!"

"जरूर बाबा," मी म्हणालो.

आरशात मागे बसलेली बायको दिसत होती. ती माझ्याकडे एकटक बघत होती. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, त्यामुळे बोलावं लागलं नाही.

सोमवारी साहेबांसमोर प्रोग्रॅम झकास चालला, पण ते सोडा. रविवारी घरात शिरल्या शिरल्या, चपलासुद्धा न काढता, मी पहिलं काम कुठलं केलं असेल?

"घेतलास?" बायकोने हळूच विचारलं.

"घेतला," मी म्हणालो. "आत्मचरित्राच्या आधीचा."