चालू गिरणीचं लाईव्ह

दहिवलीचे जनूभाऊ रोज संध्याकाळी मोबाईलवर लाईव्ह येतात आणि त्यांचा एकही शब्द कोणाला ऐकू येत नाही. मागे त्यांची पिठाची गिरणी धडधडत असते.

आमच्याकडे नव्या सोसायट्या झाल्या, पण तिथली मंडळी पिशवीतलं तयार पीठ मागवतात. गिऱ्हाईक गळायला लागलं तेव्हा जनूभाऊ खालापूरला 'मोबाईलवरून धंदा वाढवा' या मोफत शिबिराला जाऊन आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दळणाच्या डब्यांवर खडूने नावाआधी हॅशटॅग काढायला सुरुवात केली. माझा डबा '#मास्तर' झाला. आधी लाईक, मग दळण, असा नियम निघाला. मांजर पिठात लोळलं तरी हाकलायचं नाही. "ऱ्हाऊ द्या मास्तर, कंटेंट हाय त्यो!"

"अहो, बोलताना तरी गिरणी बंद करा," मी म्हटलं.

"वा! जाहिरात गिरणीची, आन् गिरणीच बंद? लोकं म्हनतील, बुडाला!"

लाईव्ह बघणारे आम्ही दोघंच. मी खोडसाळपणाने बघायचो. दुसरं कोण, देव जाणे.

परवा ऐन लाईव्हमध्ये वीज गेली. गिरणी थांबली आणि जनूभाऊंचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला, "...जावयालाबी घेऊन ये. तुझ्याबिगर घास उतरत नाय गं, सुरे."

ते दचकले. लाईव्ह बंद.

सुरेखा त्यांची एकुलती मुलगी. तिनं स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा "पुन्हा तोंड दाखवू नको" असं भर आळीत ओरडले होते ते. मी धावतच गिरणीत गेलो.

"फोन उचलत नाय माझा," ते तोंडावरचं पीठ पुसत म्हणाले. "पन लाईव्ह बघते. नाव दिसतं तिचं."

"पण तिला ऐकू काय जाणार?"

"गिरणीत वाढलीय ती. चालू गिरणीत आमी बापलेक ओठांवरनंच बोलायचो. तिला कळतं, बाकी गावाला नाय."

इतके दिवस मी हसत होतो.

वीज आली. दारात दळण घेऊन बायका ताटकळल्या होत्या. जनूभाऊंनी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. मोबाईल उचलला, लाईव्ह लावलं आणि बंद गिरणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुरे, चूक माझी व्हती. ये गं घरी."