एक खोकला म्हणजे एक इंच

आमच्या बाजारातल्या सर्व जुन्या दुकानदारांना इंटरनेटवर नेण्याचा ठराव व्यापारी मंडळाने एकमताने मंजूर केला. त्या दिवसापर्यंत मंडळातल्या एकाही सभासदाने इंटरनेट पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती.

मी शिंपी. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं, एक आरसा आणि दारापाशी एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर आमची ही बसायची, मांडीवर मापांची वही घेऊन. दीड वर्षापूर्वी ती गेली. खुर्ची तिथेच आहे. कुणी तिच्यावर टेकायला लागलं की मी म्हणतो, पाय मोडलाय. पाय चांगला आहे.

आमची कामाची एक पद्धत होती. माणूस माप द्यायला उभा राहिला की पोट आत घेतो, आणि टेपवरचा खरा आकडा कानावर पडला की दुखावतो. दुखावलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या शिंप्याकडे जातो. म्हणून मी त्याला आवडेल तो आकडा मोठ्याने सांगायचो आणि जितके इंच कमी सांगितले तितक्या वेळा खोकायचो. "कंबर चौतीस!" आणि चार खोकले. ही वहीत अडतीस लिहायची. गिऱ्हाईक खूश, पँट बरोबर. तीस वर्षांत कुणाला शंका आली नाही. दोघातिघांनी आपणहून खोकल्याची औषधं मात्र आणून दिली.

मापापुढे ती शेरा लिहायची. शेरे कामापुरतेच. ‘उजवा खांदा उतरलेला. आतून कापूस.’ ‘उभ्याने माप खोटं येतं. बसवून घेणे.’

मंडळाचे अध्यक्ष कुलुपांचे व्यापारी. त्यांचे मेहुणे बरीच वर्षं नुसते मेहुणे होते. मंडळाने संगणक घेतला त्या दिवशी ते संगणक सल्लागार झाले. पहिले माझ्याकडे आले.

"मास्तर, आता तुमचं गिऱ्हाईक गल्लीतलं नाही, जगातलं."

"जगातलं गिऱ्हाईक माप द्यायला येणार कसं?"

"यायचंच नाही. तीच तर गंमत आहे. तो फॉर्म भरणार."

"माप कोण लिहिणार?"

"तोच. स्वतःचं माप माणसाला माहीत नसतं का?"

मी खोकलो. सवयीने.

साइट तयार झाली. मंडळाच्या खोलीतल्या फोनच्या वायरीला यंत्र जोडलं की ते दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखं ओरडायचं, आणि मग माझा फोटो वरून खाली उतरायला लागायचा. साडेदहाला टक्कल, पावणेअकराला चष्मा, अकराला मिशी. गळ्यातली टेप दिसायच्या आत लाइन तुटायची. खाली पाटी होती, ‘आपण आमचे सातवे पाहुणे आहात.’ आधीचे सहा मेहुणेच होते.

लांबच्या शहरात राहणाऱ्या मुलीचा फोन आला.

"बाबा, पाहिली साइट. नाकापर्यंत."

"बरी आहे?"

"नाक छान आलंय. आईची खुर्ची आहे का हो फोटोत?"

"आहे. पण अजून तिथवर कुणी पोचलेलं नाही."

मग परिपत्रक निघालं. इंटरनेटवर गेलेल्या दुकानात तोंडी ऑर्डर घेणे व प्रत्यक्ष माप घेणे यांस मनाई. त्यामुळे आकडेवारी दूषित होते. दुसऱ्याच दिवशी बेकरीवाला कापड घेऊन दारात उभा राहिला. माझ्या गळ्यात टेप, त्याच्या अंगात कंबर, मध्ये दोन हातांचं अंतर. नियमाप्रमाणे मी त्याला तीन दुकानं सोडून मंडळाच्या खोलीत पाठवलं. तिथे त्याने फॉर्म भरला, तो फॉर्म जगभर फिरला, मग कागदावर छापला गेला आणि मेहुण्यांनी सायकलवरून मला आणून दिला. कंबर बत्तीस.

"बेकरीवाला शाळेत असतानाही बत्तीस नव्हता," मी म्हणालो.

"सिस्टिममध्ये बत्तीस आहे, मास्तर."

मी बत्तीस शिवली. ती गुडघ्याला अडली. त्या महिन्यात बाजारातल्या एकाही पुरुषाची कंबर चौतीसच्या वर गेली नाही आणि एकाचीही छाती चाळीसच्या खाली आली नाही. मी शिवत गेलो. वकीलसाहेब नव्या कोटात भर कोर्टात बोलायला उठले आणि पोटावरचं बटण सुटून कारकुनाच्या दौतीत पडलं. तक्रारी आल्या. मंडळाने चौकशी केली. निष्कर्ष असा, की इंटरनेट निर्दोष असून त्यात गेलेली माहिती अशुद्ध आहे. शुद्ध माहिती शिंप्याच्या वहीत आहे. सबब वही जमा करावी.

"वही देणार नाही," मी म्हणालो. "हिच्या हातची आहे."

अध्यक्षांनी खुर्चीकडे पाहिलं. माणूस वाईट नाही. "मास्तर, चार दिवसांचं काम. जशीच्या तशी परत."

मी वही दिली आणि पावती घेतली. ‘वही, एक, जुनी. जशीच्या तशी परत करणे.’

वही उतरवायला दोन टंकलेखक बसवले. दोघांनी जन्मभर कोर्टाची कागदपत्रं केलेली. मक्षिकास्थाने मक्षिका हा त्यांचा धर्म. जागा थोडी, म्हणून प्रत्येकाचं फक्त शेवटचं माप घ्यावं असं ठरलं. त्यांनी शेवटचं माप घेतलं. शेऱ्यासकट. मेहुण्यांनी वर एक चौकोन बसवला. त्यात कुणाचंही नाव घातलं की त्याचं माप समोर. या चौकोनाचा त्यांना फार अभिमान होता.

साइटवर अध्यक्षांसमोर लिहिलं होतं, ‘कंबर ४६. चाळीस सांगणे. आरशासमोर उभं करू नये, हलत नाही.’ वकिलांसमोर, ‘छाती ३४, फुगवून ३८. बोलायला लागला की पुन्हा ३४.’ बेकरीवाल्यासमोर, ‘कंबर ४१. माप देताना पाव खात होता. ४२ धरणे.’ आणि मेहुण्यांसमोर, ‘सहा खिसे हवेत म्हणतो. ठेवणार काय, कळत नाही.’

दुपारपर्यंत पाहुण्यांचा आकडा चार हजारांवर गेला. घरोघरी पोरांनी फोन संगणकाला जोडून साइट उघडलेली, म्हणून कुणाचाच फोन कुणाला लागेना. लोक रस्त्यावर येऊन एकमेकांची कंबर विचारू लागले. बाजारात इतकं चैतन्य मी कधी पाहिलं नव्हतं. खरेदी मात्र कुणी काही करत नव्हतं.

संध्याकाळी सगळे माझ्या दारात.

"मी स्वतः पाहिलं नाही," वकील म्हणाले. "मला बेकरीवाल्याने सांगितलं."

"मी कशाला बघतोय?" बेकरीवाला म्हणाला. "मला वकीलसाहेबांनी दाखवलं. पण साहेब, तुमचं ते छातीचं खरं आहे हं."

"आणि ते पावाचं?"

"तो पाव नव्हता, टोस्ट होता!"

यावर उपाय म्हणून मंडळाने माप-दुरुस्ती समिती नेमली. अर्ज तीन प्रतींत. सुनावणीला टेप आणायला बंदी होती, कारण टेप ही वादातली एक बाजू आहे. पहिला अर्ज अध्यक्षांचा. शेचाळिसाचे छत्तीस एकमताने झाले. कंबर आहे तिथेच ठेवून दहा इंच कमी करायला सहा मिनिटं लागली. आठवड्यात सगळा बाजार सडपातळ झाला. एकाने उंचीही वाढवून घेतली.

तेव्हा मेहुण्यांच्या लक्षात आलं, की साइट आणि वही यांचा मेळ बसत नाही. साइटला समितीची मंजुरी आहे, वहीला नाही. तेव्हा चूक वहीची. ठराव झाला की येत्या रविवारी मंडळाच्या सभागृहात ज्याने त्याने आपापलं पान स्वहस्ते फाडावं आणि उरलेल्या पुठ्ठ्याची विल्हेवाट सल्लागारांनी लावावी. सर्व सभासदांनी मंजूर मापाच्या नव्या कपड्यांत हजर राहावं.

मी पावती घेऊन अध्यक्षांकडे गेलो.

"जशीच्या तशी परत, असं लिहिलंय."

"मास्तर, ती आता वही राहिली नाही. विसंगत दस्तऐवज झाली."

"अध्यक्षसाहेब, तिचं अक्षर दुसरीकडे कुठे नाही. ती पत्रं लिहायची नाही. मी कधी कुठे गेलोच नाही, तर लिहिणार कुणाला?"

ते बराच वेळ कुलूप उघडत आणि लावत बसले. मग म्हणाले, "ठराव झालाय हो."

मी सहा दिवस मशिनीवर होतो. वही फाडायच्या समारंभाचे कपडे मलाच शिवायचे होते. मंजूर मापाप्रमाणे शिवले, दोऱ्याचीही फसवणूक केली नाही.

रविवारी सभागृह भरलं. कुणी बसलं नव्हतं, कारण बसता येत नव्हतं. बेकरीवाल्याने पँट आडवं पडून चढवली होती. दोघं ओढायला होते. वकील श्वास मोजून घेत होते. टेबलावर वही. मी भिंतीपाशी उभा, हातात पावती.

पहिला मान अध्यक्षांचा. ते आपलं पान शोधू लागले. वाटेत वकिलांचं पान लागलं आणि ते थांबले.

"अरेच्चा! इथे तर लग्नातल्या सुटापासून सगळं आहे. वकील, लग्नात सव्वीस कंबर होती तुमची?"

"बघू!" बेकरीवाला पुढे झाला.

"माझं कशाला? आधी अध्यक्षांचं काढा. निवडणुकीच्या आधीचं आणि नंतरचं!"

साठ-बासष्ट माणसं एकदम टेबलाकडे सरकली आणि वहीवर वाकली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, अशी आपल्यात म्हण आहे. बत्तीसच्या पँटीत वाकता येत नाही, हे म्हणीत कुठे सांगितलेलं नाही.

पहिला आवाज अध्यक्षांकडून आला. मग सगळीकडून. शिवण जाताना जो आवाज होतो तो मी जन्मभर ऐकलाय, पण असा, एका सुरात, साठ पँटींचा, कधी ऐकला नव्हता. तरी कुणी मागे हटेना. एका हाताने मागचं झाकलं, दुसऱ्या हाताने पान उलटलं.

कुणीतरी स्वतःचं पान फाडायला घेतलं की बाकीचे ओरडायचे, "थांब, आम्ही वाचलं नाही अजून!" शेवटी एकेका पानावर मतदान घेतलं. प्रत्येक पानाच्या विरोधात एक मत पडलं, मालकाचं. बाजूने बाकी सगळ्यांची. अशी सगळी वही प्रचंड बहुमताने वाचली. मेहुण्यांनी पावतीवर माझी सही घेतली. जशीच्या तशी मिळाली.

दुकानात येऊन मी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत चाळली. शेवटच्या पानावर माझं माप होतं. तिने कधी घेतलं, मला माहीत नाही. ‘हे. छाती ३६, गेल्या वर्षी ३८. हल्ली माप नसतानाही खोकतात. डॉक्टरांकडे नेणे.’

नेणं राहून गेलं. तीच आधी गेली. मी नंतर एकटा जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, सवय आहे.

सोमवारी दुकान उघडायच्या आत दारात रांग होती, प्रत्येकाच्या काखेत फाटकी पँट. परिपत्रकाची आठवण कुणी काढली नाही. पहिले अध्यक्ष. मी टेप लावली.

"कंबर छत्तीस!" मी ओरडलो आणि दहा वेळा खोकलो.

"मास्तर, पाणी आणू का?" अध्यक्ष काळजीने म्हणाले.

वही मीच लिहितो आता. साइट मेहुणे पुढच्या सल्ल्याला लागल्यावर आपोआप विझली.

तुमचं नाव त्या वहीत नाही, तुमचा काही संबंधही नाही. तरी सगळ्यांच्या कमरा वाचत इथवर आलात. आणि वकिलांच्या छातीचा आकडा आला तेव्हा स्वतःची जरा पुढे काढलीत. काढलीत ना? या. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. इथे आरशासमोर उभे राहा. पोट आत घेतलंय ते राहू द्या, सगळेच घेतात.

"चौतीस!"

आता मी जरा खोकणार आहे. किती वेळा, ते मोजत बसू नका.